नवा कॅमेरा घेतलाय? मग या चुका टाळा

लग्नसराईच्या तोंडावर हौसेने कॅमेरा घेतला, ऑटोवर फोटो झकास आले, आणि डायल ‘एम’वर (मॅन्युअल, म्हणजे सगळं आपणच ठरवायचं) फिरवताच सगळं काळंमिट्ट. अशा वेळी लगेच दुकान गाठू नका. बहुतेकदा आधी बदललेली एखादी सेटिंग तशीच राहिलेली असते. बिघडलेला फोटो डिलीट करण्याची घाई तर मुळीच नको. तो उघडून इन्फो बटण दाबा आणि शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहिलं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील होता) हे तीन आकडे वाचा. दुखणं कुठे आहे ते तिथेच कळतं.

सगळ्यात जास्त रडगाणं हललेल्या फोटोंचं. शटर 1/15 सेकंद असेल तर भल्याभल्यांचा हात हलतो. लेन्स 50 मिमीवर असेल तर लहान सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यात निदान 1/80 ठेवा. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं, समोर नाचणारी वरात थांबवत नाही. वरातीला 1/250 तरी हवाच, आणि हिवाळ्यात नाथसागरावर उडणारे रोहित पक्षी टिपायचे असतील तर 1/1000 च्या पुढे जा. उजेड कमी असेल तर त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो. ‘आयएसओ 100 च्या वर न्यायचाच नाही’ हा सल्ला कुणी दिला असेल तर विसरून जा. आयएसओ वाढवला की फोटो दाणेदार होतो, पण दाणेदार फोटो अल्बममध्ये लागतो, हललेला लागत नाही. ऑटो आयएसओ लावा, कमाल मर्यादा 6400 ठेवा आणि निर्धास्त राहा.

दुसरी चूक कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवण्याची. वेरूळचं कैलास लेणं काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेलं आहे. फ्रेमभर तो दगड घेतला की कॅमेरा त्याला मधल्या करड्या छटेकडे ओढतो आणि फोटो फिका पडतो. बीबी का मकबऱ्यात नेमकं उलटं होतं, पांढरा घुमट मळकट दिसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सेटिंग) लेण्यात −0.7 च्या आसपास, मकबऱ्यात +1 च्या आसपास ठेवून बघा. काम झालं की ते आठवणीने शून्यावर आणा. तसंच +1 वर ठेवून देवगिरी किल्ला चढलात तर आभाळ पांढरंफटक येणार.

अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. पण ऑटो मोडमध्ये अंधार दिसला की फ्लॅश आपोआप उडू शकतो. म्हणून आत शिरण्यापूर्वीच फ्लॅश बंद करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि कोपरं अंगाशी घट्ट धरा.

आता मांडवात या. वर पिवळं किंवा हिरवं कापड ताणलेलं असतं, भर दुपारचं ऊन त्यातून गाळून येतं आणि नवरीचा चेहराही त्याच रंगाचा होतो. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून पांढरं पांढरंच दाखवणारी सेटिंग, इथे गडबडतो. त्याच उजेडात पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स सेट करा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढले असतील तर रंग नंतरही सुधारता येतो. कार्यालयात एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे दिसले तर सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करून 1/100 लावा, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असते आणि बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. स्टेजमागच्या एलईडी पडद्याची गती वेगळी असते. तिथे शटर थोडा वरखाली करून बघावा लागतो.

अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा मिळत नाही. फोकस ‘ऑल एरिया’वर असेल तर कॅमेरा बहुधा सगळ्यात जवळची वस्तू धरतो, म्हणजे पुढ्यात कुणीतरी अक्षतांसाठी उचललेला हात. फेस डिटेक्शन किंवा एकच फोकस पॉइंट ठेवा. माणसं हलती असतील तर एएफ-सी (सतत फोकस जुळवत राहणारा मोड) लावा, कॅननमध्ये त्यालाच सर्वो म्हणतात.

व्ह्यूफाइंडरमधून सगळं धूसर दिसतंय, पण फोटो स्वच्छ येतायत? मग त्याच्या शेजारची डायॉप्टरची (तुमच्या नजरेप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवणारी) बारीक चकती फिरवा. कार्ड आधी कॉपी करून घ्या, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. उन्हाळ्यात धुळीच्या वाऱ्यात लेन्स बदलायची वेळ आली तर बॉडीचं तोंड खाली ठेवा.

एवढं करूनही काही जुळत नसेल तर मेन्यूतून रीसेट करा, तारीख-वेळ पुन्हा भरा आणि ऑटोवर अंगणात भर उजेडात एक फोटो काढा. तोही काळा आला, तर मात्र तो फोटो, बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.