हिप्नोबर्थिंगमध्ये नवऱ्यानं टाळायच्या चुका

मे महिना, नागपूरचं ऊन आणि पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणे बायकोनं सातव्या महिन्यानंतर माहेरी, काटोलला जायला हवं होतं. पण तिनं स्पष्ट सांगितलं, बाळंतपण इथंच होईल आणि तू सोबत राहशील. हिप्नोबर्थिंगचा, म्हणजे स्वसंमोहनाच्या मदतीनं शांतपणे बाळंत व्हायला शिकवणारा क्लासही तिनंच शोधला. घरच्यांना वाटलं, संमोहन म्हणजे कुणीतरी हिला झोपवणार. तसं काही नसतं. बाई पूर्ण शुद्धीत असते. लांब श्वास, अंग सैल सोडायचा सराव आणि मनात घट्ट बसलेलं एखादं चित्र, एवढंच त्यात असतं.

यामागचा विचार १९३० च्या दशकात ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी मांडला. भीती वाटली की अंग आवळतं, अंग आवळलं की जास्त दुखतं, आणि दुखलं की भीती आणखी वाढते. घाबरल्यावर अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा येतो. नवऱ्याचं काम म्हणजे या चक्रात आपल्याकडून भीतीची भर पडू न देणं. मला हे उशिरा उमगलं.

क्लास फक्त तिचा समजणं

सुरुवातीचे कित्येक आठवडे ती सराव करायची आणि मी शेजारी लॅपटॉप उघडून बसायचो. दोघांनी मिळून सराव सुरू केला तो थेट पस्तिसाव्या आठवड्यात. खूप उशीर झाला होता. कळ आली की नवं काही शिकायला डोकं जागेवर नसतं. तेव्हा कामी येतो तो रोज रात्री ऐकलेला आवाज आणि तेच ते शब्द. अठ्ठाविसाव्या ते तिसाव्या आठवड्यापासून रोज दहा-पंधरा मिनिटं द्या.

सराव मुरला की नाही, हे तिच्या जबड्यावरून कळतं. डोळे मिटलेले आहेत पण दात आवळलेले आणि खांदे कानाकडे चढलेले असतील, तर अंग सुटलेलं नाही. ‘रिलॅक्स हो’ म्हणून काही होत नाही. ‘दात सुटे कर, जीभ सोड, खांदे खाली’ असं एकेक नाव घेऊन सांगा.

उसनं चित्र घेणं

आम्ही इथंच सगळ्यात जास्त अडलो. क्लासच्या ऑडिओत समुद्राच्या लाटा होत्या आणि सूचना इंग्रजीत. कळ म्हणजे लाट, ती येते आणि ओसरते, असं त्यात सांगायचे. पण बायको वाढली काटोलला. समुद्र तिनं आयुष्यात दोनदा पाहिला, तोही सहलीत. लाटांच्या आवाजानं ती आणखी जागी व्हायची.

एका रात्री मी तो ऑडिओ बंद केला आणि तिला विचारलं, तुला सगळ्यात शांत कुठं वाटायचं? ती म्हणाली, आजोबांच्या संत्र्याच्या बागेत. फेब्रुवारीत आंबिया बहराची फुलं लागलेली, त्यांचा वास सुटलेला, आणि आजोबा पाटानं पाणी देताहेत. पाणी एका झाडाच्या आळ्यात शिरतं, हळूहळू काठापर्यंत भरतं, मग आजोबा मातीचा बांध फोडतात आणि ते पुढच्या झाडाकडे जातं.

आम्हाला आमच्या कळेचं चित्र सापडलं. पाणी येतंय, आळं भरतंय, भरलं, आता पुढं गेलं. हे मी मराठीत, आम्ही घरी बोलतो तसंच लिहून काढलं. मागं आवाज ठेवला आमच्या कूलरचा. लहानपणापासून प्रत्येक उन्हाळ्यात ती तशाच घरघरीत झोपत आली आहे. दवाखान्यात एसी असणार होता, म्हणून फोनवर अर्धा तास कूलर रेकॉर्ड करून घेतला. तुमच्या घरी ते चित्र वेगळं असेल. अंबाझरीचा बांध असेल, आजीचं ओसरीवरचं जातं असेल. ते तिच्याच तोंडून येऊ द्या.

घाईघाईनं श्वास मोजणं

चार आकडे श्वास आत, आठ आकडे बाहेर, असा साधारण ताल असतो. पहिल्या खऱ्या कळेला मी आठ आकडे चार सेकंदांत संपवले. ती म्हणाली, ‘‘तू पळून राहिला. हळू मोज.’’ घाबरलो होतो मी, आणि माझा आवाज तिला तेच सांगत होता.

तोंडानं मोजायच्या आधी स्वतः तिच्यासोबत श्वास घ्या. मग आवाज आपोआप खाली येतो. आठ जमत नसेल तर सहा ठेवा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा गरगरत असेल, तर श्वास फार भराभर होतोय. श्वास सोडायला जास्त वेळ द्या आणि सिस्टरलाही सांगा. कळ चालू असताना ‘पाणी देऊ का’ असं विचारू नका, ते कळ गेल्यावर. कंबर दाबलेली चालेल की नुसता हात ठेवलेला, हे आधीच विचारून ठेवा. आणि त्या वेळी तिनं हात झटकला तर मनाला लावून घेऊ नका.

लेबर रूमचं गृहीत धरणं

मी लेबर रूममध्ये सोबत राहायला आम्हाला काउंटरवर तोंडी ‘हो’ मिळालं होतं. रात्री पोहोचलो तर लेबर रूममध्ये दुसरी पेशंटही होती, त्यामुळे पुरुषांना आत सोडेनात. त्या बाईची अडचण मला पटत होती, पण आधी नीट कुणीच सांगितलं नव्हतं, याचा त्रास झालाच. सोबतीला आपल्या पसंतीचं माणूस असावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे. लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ उपक्रमातही बाळंतपणातल्या सोबतीवर भर आहे. तरी प्रत्यक्षात अनेक ठिकाणी बाईमाणसालाच आत घेतात. आठव्या महिन्यातच डॉक्टरांना समोर बसून विचारा.

आणि दुसरं माणूस तयार ठेवा. सासूबाईंनी शेवटच्या पंधरवड्यात आमचा कागद हट्टानं पाठ केला होता. ‘‘जावईबापू, बाग तर माझ्या बापाची हाये,’’ म्हणाल्या. ते दोन तास त्यांनीच सांभाळले.

घरी थांबायचा हट्ट

घरी शांत वाटतं म्हणून ताणू नका. कधी निघायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिल्या खेपेला साधारण दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघा, असं सांगतात. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. तिला मिरगी किंवा गंभीर मानसिक आजार असेल, तर क्लास लावण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

इंजेक्शन किंवा सिझर म्हणजे हार, असं मानणं

ही चूक मी मनातल्या मनात केली, आणि तिचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार संमोहनामुळे वेदनाशामकं एकूण कमी लागू शकतात, पण एपिड्युरलच्या, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात त्या इंजेक्शनच्या, वापरात स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे हे औषधाला पर्याय म्हणून करायचंच नाही. तिनं एपिड्युरल मागितलं तर ‘थोडं थांब, जमेल तुला’ म्हणू नका.

पहाटे बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि डॉक्टरांनी सिझर सांगितलं. मला तोवर आत घेतलं होतं. मी गप्पच झालो. माझ्या चेहऱ्यावर जे उतरलं ते तिनं पाहिलं, आणि तेव्हा तिला माझा आवाज हवा होता. फक्त एवढं म्हणायचं होतं, ‘पाणी येतंय, श्वास घे.’ ते मी म्हटलं नाही.

ऑपरेशन थिएटरात मला सोडलं नाही. पाठीत इंजेक्शन देताना पाठ वाकवून अगदी स्थिर बसावं लागतं, तेही कळा चालू असताना. दुसऱ्या दिवशी कुशीत मुलगी घेऊन तिनं सांगितलं, सुई टोचली तेव्हा ती तिसऱ्या झाडाजवळ होती. आळं भरत होतं, आणि ती हलली नाही.