शंभर फेऱ्यांत 62 घरं

जुनी हातानं चालवायची मिलिंग मशीन (धातू कोरायची) घरच्या शेडमध्ये सीएनसी केली, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी. झेडला, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या अक्षाला, 5 मिमी पिचचा बॉलस्क्रू (एका फेऱ्यात 5 मिमी सरकवणारा), पल्समागे एकेक पाऊल फिरणारी स्टेपर मोटर, कंट्रोलला लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर. एकेक भोक नीट पडायचं. पण टप्प्याटप्प्यानं, म्हणजे थोडं खाली, वर, पुन्हा खाली असं ड्रिल मारायला लावलं की शेवटची भोकं खोल जायची.

आधी बॅकलॅशवर, म्हणजे दिशा बदलताना स्क्रूत राहणाऱ्या ढिलाईवर, संशय घेतला. बॉलस्क्रूचं नट उघडलं, पुन्हा बसवलं, आख्खा रविवार गेला. खरं तर तिथंच डोकं चालवायला हवं होतं: बॅकलॅश दर वेळी तेवढाच राहतो, साठत नाही. मग मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग सरकतंय का बघायला शाफ्टवर आणि कपलिंगवर मिळून मार्करनं एक रेघ मारली. रेघ जागेवरच.

शेवटी मोजायचा डायल (एक घर 0.01 मिमी) लावून झेड 10 मिमी वर-खाली शंभर वेळा फिरवला. काटा 62 घरं पुढं, म्हणजे 0.62 मिमी. आता हिशोब केला. मोटरच्या एका फेऱ्याला 1600 पल्स, म्हणजे एका पल्सला 0.003125 मिमी. दर वर-खालीला जवळपास दोन पल्सचा घोळ! दिशा बदलतानाच काहीतरी चुकत होतं.

मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटचा कागद काढला. दिशेचा सिग्नल पल्सच्या किमान 5 मायक्रोसेकंद आधी हवा. मी लिनक्ससीएनसीच्या सेटिंगमध्ये 5 च टाकले होते, पण तो रकाना नॅनोसेकंदांचा! तिथं 5000 हवे होते. मी जरा हात सैल सोडून 10000 टाकले.

पुन्हा शंभर फेऱ्या. काटा शून्यावर.