मुलाचं पाऊल लटकतंय? गुडघ्याजवळ गाठ आहे का बघा

पोराची चप्पल चालताना सारखी निसटत असेल, किंवा एकाच बुटाचं पुढचं टोक घासून गेलं असेल तर "नीट चाल ना" म्हणून ओरडू नका, आधी त्याला गॅलरीत टाचांवर चालायला लावा. एका पायाचा चवडा वर राहतच नसेल, अंगठा वर ओढता येत नसेल, तर त्याला फूट ड्रॉप म्हणतात. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं खाली हाडाचं जे टोक लागतं तिथे बोट फिरवा. पाऊल वर उचलणारी पेरोनियल नस तिथे हाडाला लागून अगदी कातडीखालून जाते, म्हणून छोट्या गाठीनेही दबते. तिथे हलकी टिचकी मारून पावलाच्या वरच्या बाजूला झिणझिण्या गेल्या तर तेही डॉक्टरांना सांगा. गाठ हाताला नाही लागली तरी निर्धास्त राहू नका, कधीकधी ती नसेच्या आतच असते.

मालीश नको, गाठ दाबून फोडणं तर अजिबात नको. मुलांच्या गुडघ्यामागची किंवा मनगटावरची साधी गाठ बऱ्याचदा आपोआप जाते, पण ताकद कमी झाली की वाट बघायची नाही. दोन्ही पाय लुळे पडतायत, कमजोरी वर चढतेय, श्वास किंवा गिळायला त्रास, लघवी अडकली, असं काही असेल तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा. १५ वर्षांखालच्या मुलाचा पाय अचानक लुळा पडला तर पोलिओच्या पाळतीसाठी शौचाचे नमुने मागतात, घाबरू नका, द्या.

मुंबईत परळचं वाडिया, केईएम, सायन, नायर, जे जवळ पडेल तिथे हाडांच्या किंवा मुलांच्या न्यूरो ओपीडीत दाखवा. एक्स-रेमध्ये हाडाची जादा वाढ असेल तर दिसते, सोनोग्राफीत गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे ते कळतं, एनसीव्ही-ईएमजीने (नसा आणि स्नायूंची विजेवरची तपासणी) नस नेमकी कुठे अडलीय ते समजतं. फक्त कमरेचा एमआरआय लिहिला असेल तर "गुडघ्याचा पण करायचा का?" हे नक्की विचारा, मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पाय लटकला की लक्ष आधी मणक्याकडेच जातं आणि गाठ असते खाली.

नसेच्या आतल्या गाठीत पाणी बहुतेक वेळा गुडघ्याखालच्या छोट्या सांध्यातून येतं, नसेची एक बारीक फांदी त्या सांध्यात जाते तिच्यातून. म्हणून नुसतं सुईने पाणी काढलं तर गाठ परत भरू शकते. ऑपरेशन ठरलं की सर्जनना सरळ विचारा, "ती सांध्याकडची फांदी बंद करणार ना?"

नंतर धीर लागतो, नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते म्हणजे महिने जाणार. तोवर पाऊल वर धरून ठेवणारा एएफओ स्प्लिंट (हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिनमध्ये विचारा), रोज पोटरीचं स्ट्रेचिंग नाहीतर टाच आखडते, आणि पाऊल बधीर असेल तर रात्री झोपवताना स्प्लिंटने कुठे लाल झालंय का ते बघत जा.