विश्वामित्रीचा आलेख आणि मोडकी जोडाक्षरे

बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पाणीपातळीचा आलेख मॅटप्लॉटलिबने, म्हणजे पायथन भाषेतल्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीने काढायचा, तर पहिली अडचण बहुधा इन्स्टॉलेशनचीच. पायथनच्या लायब्रऱ्या बसवणारे पिप ‘झाले’ म्हणते, पण प्रोग्रॅम ‘मॉड्यूल सापडले नाही’ म्हणून अडतो. कारण बहुतेकदा मशीनवर दोन पायथन असतात आणि पिप भलत्याच पायथनला जोडलेले असते. म्हणून नुसते पिप न चालवता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल मॅटप्लॉटलिब’ ही आज्ञा द्या, आणि प्रोग्रॅमही त्याच पायथनने चालवा. स्वतःच्या फाइलला मॅटप्लॉटलिब हेच नाव दिले असेल तर आधी ते बदला. पायथन तीच फाइल उचलतो.

उबुंटू लिनक्सवर आलेखाची खिडकीच उघडत नसेल तर तिथल्या ॲप्ट या इन्स्टॉलरने ‘पायथन३-टीके’ बसवा. सेव्ह केलेले चित्र कोरे आले? चित्र साठवणारी सेव्हफिगची ओळ खिडकी उघडणाऱ्या शोच्या आधी लिहा.

खरी डोकेदुखी मराठी नावांची. अक्षरांऐवजी चौकोन दिसतात, कारण डीफॉल्ट फॉन्ट डेजावू सॅन्समध्ये देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट उतरवून मॅटप्लॉटलिबच्या फॉन्टमॅनेजरच्या ॲडफॉन्टला फाइलचा पत्ता द्या, मग आरसीपॅरम्स या सेटिंग्जमध्ये फॉन्ट.फॅमिली बदला. तरीही मॅटप्लॉटलिबच्या जुन्या आवृत्त्यांत ‘विश्वामित्री’ची पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे पडते आणि ‘श्व’ फुटून हलन्त दिसतो. तिथे फॉन्ट निर्दोष असतो. जोडाक्षरे जुळवणारा टप्पाच नसतो. सोपी पळवाट अशी: आरसीपॅरम्समधल्या एसव्हीजी.फॉन्टटाइपला ‘नन’ द्या आणि चित्र एसव्हीजी या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या प्रकारात सेव्ह करा. मजकूर मजकूरच राहतो, जुळणी ब्राउझर करतो. फक्त तो फॉन्ट बघणाऱ्याच्या मशीनवरही हवा.