सहा सर्व्हरवरचे लॉग नेटवर्क न तुंबवता कसे तपासावेत

समजा, सहा सर्व्हरवर रोज प्रत्येकी ५०० एमबी लॉग (सर्व्हरने केलेल्या कामाच्या नोंदी) साठतो आणि तुम्हाला त्यातल्या फक्त एररच्या नोंदी हव्या आहेत. सगळे लॉग एका मशिनवर आणले, तर ३ जीबी डेटा नेटवर्कवरून जाणार. त्याऐवजी शोधणारा प्रोग्रामच एकेका सर्व्हरवर पाठवता येतो. त्यालाच मोबाइल एजंट म्हणतात.

आधी हिशेब करा. निम्मा लॉग हवाच असेल, तर एजंटचा खटाटोप नको. फाइल झिप करून मागवा. सर्व्हर एक-दोनच असतील, तर एसएसएचवरून (दूरच्या मशिनवर कमांड देण्याची सुरक्षित जोडणी) ग्रेप (फाइलमध्ये शब्द शोधणारी कमांड) चालवलं की झालं. एका सर्व्हरवर काय सापडलं यावरून पुढे कुठे जायचं हे ठरत असेल, तिथे एजंट खरा कामाचा.

साधन म्हणून जेड घ्या. टेलिकॉम इटालियाने बनवलेली ही जावा प्रणाली मोफत मिळते. तुमच्या मशिनवर मुख्य कंटेनर (जेडचा एजंट ज्यात चालतो तो प्रोग्राम) सुरू करा (त्याचा ठरलेला पोर्ट १०९९) आणि प्रत्येक सर्व्हरवर त्याला जोडलेला एकेक कंटेनर. हे कंटेनर लॉग फक्त वाचू शकणाऱ्या युजरखाली चालवा आणि इंटरनेटवर उघडे ठेवू नका. बाहेरून आलेला कोड आपल्या सर्व्हरवर चालणार आहे, तेव्हा इथे ढिलाई नकोच.

एजंटमध्ये उरलेल्या सर्व्हरची यादी आणि शोधायचे शब्द ठेवा. जेडची 'डूमूव्ह' ही आज्ञा दिली की तो पुढच्या कंटेनरवर जातो. त्याच्याबरोबर व्हेरिएबल्समधली माहिती जाते, उघडलेली फाइल जात नाही. म्हणून निघण्यापूर्वी 'बिफोरमूव्ह'मध्ये फाइल बंद करा आणि पोचल्यावर 'आफ्टरमूव्ह'मध्ये तिथला लॉग उघडा.

खरी बचत होते की नाही, हे पुढच्या निर्णयावर ठरतं. एजंट सापडलेल्या नोंदी सोबत घेऊन फिरला, तर तो दर मुक्कामी फुगत जातो. प्रत्येक सर्व्हरवर १ एमबी सापडला, तर घरी, म्हणजे तुमच्या मशिनवर, परतेपर्यंत १+२+३+४+५+६, म्हणजे २१ एमबी वाहिले जातात. त्याच नोंदी प्रत्येक ठिकाणाहून थेट घरी मेसेजने पाठवल्या, तर साधारण ६. एजंटने फक्त पुढचा निर्णय घ्यायला लागेल तेवढंच जवळ बाळगावं.

शेवटी आयएफटॉप किंवा व्हीएनस्टॅटने दोन्ही पद्धतींची वाहतूक मोजा. एजंट वाटेत अडकला तर कळावं म्हणून घरच्या मशिनवर वेळेची मर्यादाही घाला.