मुलांची ॲलर्जीची सर्दी आणि सायनस: या चुका टाळा

सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, दिवसभर तळहाताने नाक वरच्या दिशेने चोळणं, डोळ्यांखाली काळसर वर्तुळं. ताप नाही आणि शेंबूड पाण्यासारखा असेल, तर ही बहुधा ॲलर्जी. तिला ‘सायनस’ म्हणून मोकळं होणं ही एक चूक. ‘ॲलर्जीच तर आहे’ म्हणत वर्षभर सोडून देणं ही दुसरी, आणि माझ्या मते जास्त महागात पडणारी.

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांमधल्या पोकळ्या. त्यांची तोंडं फार अरुंद असतात. ॲलर्जीने अस्तर सुजलं की ती बुजतात, आतला कफ साचतो आणि त्यात जिवाणू वाढतात. यालाच आपण ‘सायनस झाला’ म्हणतो. कपाळातल्या पोकळ्या साधारण ७-८ वर्षांच्या सुमारास आकार घेतात, पण गालांमधल्या जन्मतःच असतात. त्यामुळे ‘डोकं दुखत नाही, म्हणजे सायनस नाही’ हा हिशेब लहान मुलांना लागू पडत नाही.

हिरवा शेंबूड दिसला की अँटिबायोटिक

साध्या विषाणूच्या सर्दीतही काही दिवसांनी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो. रंग पाहू नका, दिवस मोजा. १० दिवस उलटूनही नाक वाहणं किंवा दिवसाचा खोकला जराही कमी नाही. बरं वाटता वाटता पुन्हा ताप-खोकला उलटला. किंवा १०२ फॅरनहाइटच्या वर ताप आणि घट्ट शेंबूड सलग ३ दिवस. यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मागच्या वेळची उरलेली बाटली काढू नका. एक्स-रेचाही हट्ट नको, साध्या सर्दीतही तो धुरकट येतो.

एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर आधी आत शेंगदाणा किंवा मणी अडकलाय का ते तपासून घ्या.

स्प्रे चुकीचा, तोही चुकीच्या पद्धतीने

चोंदलेलं नाक मिनिटांत मोकळं करणारे थेंब ३-५ दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर नाक उलट जास्तच चोंदतं. ॲलर्जीसाठी डॉक्टर देतात तो स्टिरॉइडचा स्प्रे वेगळा. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात, रोज मारावा लागतो. नेमका तोच पालक ‘फरक नाही’ म्हणून चौथ्या दिवशी बंद करतात. मूल स्वतः मारत असेल तर मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा. नळीचं टोक त्याच बाजूच्या कानाकडे. फवारा मधल्या पडद्यावर बसत राहिला तर नाकातून रक्त येतं.

घरचे उपाय

नाकात तेल किंवा तूप सोडू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ देताना मुलं भाजतात. त्यापेक्षा सलाइनचे थेंब बरे. क्लोरफेनिरामिन-फिनायलेफ्रिन असलेली सर्दीची सिरप ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये बजावलं आहे.

पावसाळ्यात भिंतीला ओल, गादीत धुळीतले किडे आणि वर संध्याकाळी अगरबत्ती, मच्छर कॉइल, असं असेल तर कोणताही स्प्रे अपुराच. चादरी, अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा.

डोळ्याभोवती सूज किंवा लाली, नजर धूसर, न थांबणाऱ्या उलट्या, मान आखडणं किंवा भयंकर डोकेदुखी दिसली, तर ओपीडीच्या वेळेची वाट पाहू नका, थेट हॉस्पिटल गाठा.