चुकलेल्या थ्रोच्या मागं कोण धावतं? शाळेचा सॉफ्टबॉल संघ बांधताना

शाळेत मुलींचा सॉफ्टबॉल संघ उभा करायचा असेल तर बॅटपासून सुरुवात करू नका. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका हायस्कूलमध्ये खेळ शिकवते. जूनमध्ये नव्या मुली मैदानात आल्या की सुरुवातीला आमच्या बॅटा पेटीतच राहतात. मुली हिरमुसतात, हिरमुसू द्या. बॉल आपल्याकडं आला नाही तरी आपल्याला धावायचं असतं, हे त्यांच्या पायांना आधी कळायला हवं.

मैदान स्वतः आखायची तयारी ठेवा. शाळेचं पटांगण असो की पार्क मैदान, टेप, सुतळी आणि फक्की सोबत हवी. सोलापूरच्या होम मैदानावर जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, त्या दिवसांत तिकडचा विचार सोडा. चौकोनाचे चार कोपरे म्हणजे बेस; बॅट घेऊन उभं राहायचं तो कोपरा होम, मग फर्स्ट, सेकंड, थर्ड. दोन बेसमधलं अंतर ६० फूट. चौकोन तिरका झालाय का हे बघायला होमपासून सेकंड बेसपर्यंत टेप धरा. ८४ फूट सव्वादहा इंच भरलं की चौकोन बरोबर. पिचिंग प्लेट, म्हणजे बॉल टाकणारीची पट्टी, महिलांच्या नियमाप्रमाणे होम प्लेटच्या मागच्या टोकापासून ४३ फुटांवर. फर्स्ट बेस दुहेरी असतो, पांढरा भाग बॉल घेणारीचा आणि केशरी पळणारीचा. तसा बेस नसेल तर फाऊल लाइनच्या, म्हणजे खेळाच्या हद्दीच्या रेषेच्या, बाहेर फक्कीनं तेवढाच चौकोन आखा आणि पळणारीला त्यातूनच जायची सवय लावा, कारण दोघींची धडक होते ती नेमकी तिथं.

सरावाची वेळ ठरवण्याआधी घरी जाऊन या. आमच्याकडं बऱ्याच मुलींच्या आया विड्या वळतात आणि मुलींच्या हाताला घरात काम असतं. "आमची पोरगी दुपारी पाहिजे बघा मॅडम," असं आई म्हणाली तर सराव सकाळी सहाला घ्या. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळं आठच्या आत मैदान सोडायचंच असतं. लिंबू, मीठ, साखरेचं पाणी मैदानात न्या. भाकरी आणि शेंगाचटणी मुली आणतातच.

आता मुख्य काम. संघभावना हा शब्द मी मुलींपुढं फारसा काढत नाही, बॅकअप शिकवते, म्हणजे थ्रो चुकला तर अडवायला मागं कुणीतरी हजर असणं. समजा समोरचीनं बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता बॉल पुढ्यात नुसता ठेवला. थर्ड बेसवरची थर्डवाली, फर्स्टवाली आणि बॉल टाकणारी पिचर तिघी पुढं झेपावतात. मग फर्स्ट बेस मोकळा पडतो, तिथं सेकंडवालीनं जायचं. सेकंड आणि थर्डच्या मधल्या शॉर्टस्टॉपनं सेकंड झाकायचा. मागं लांब उजवीकडं उभ्या राईट फील्डरनं जिवाच्या आकांतानं फर्स्टच्या मागं फाऊल बाजूला यायचं. बेसवर समोरच्यांची दुसरी कुणी पळणारी नसेल तर होमच्या मागं बसणाऱ्या कॅचरनंही पळणारीच्या पाठोपाठ तिकडं सुटायचं. बॉलला हात एकीचाच लागतो, पण पाय सगळ्यांचे हलतात. हा सराव आधी बॉलशिवाय घ्या. मी नुसतं "बंट!" ओरडते आणि नऊजणी आपापल्या जागी पोचल्या का ते बघते. कोण उभी राहिली ते लगेच दिसतं.

बहुतेक शाळांत सगळ्यात कच्च्या मुलीला राईट फील्डला टाकतात आणि तिलाही ते कळतं. माझ्या मते संघ इथंच मोडतो. मी स्कोअरशीटशेजारी एक वही ठेवते. इनिंगनुसार कोण बॅकअपच्या जागी पोचली, तेवढंच तिच्यात लिहायचं. सामना संपला की हिटच्या आधी ती नावं वाचायची.

एका सामन्यात सातव्या इनिंगला आमची एका रनची आघाडी होती, समोरचीनं बंट केला. थर्डवालीनं बॉल झकास उचलला, पण फेकला तो फर्स्टवर आलेल्या सेकंडवालीच्या डोक्यावरून. राईट फील्डला आठवीतली मुलगी होती, तिच्याकडं तोवर एकही बॉल आला नव्हता. ती लाइनच्या मागं हजर. बॉल तिच्या ग्लोव्हमध्ये गेला तेव्हा पळणारी सेकंडकडं वळली होती. थ्रो शॉर्टस्टॉपच्या गुडघ्याशी आला, तिनं पळणारीला बॉल टेकवला, म्हणजे टॅग, आऊट. थर्डवालीचा चेहरा रडवेला झाला होता. तिनं लांबून दोन्ही हात जोडले आणि आठवीतली मुलगी लाजून ग्लोव्हआड गेली. या खेळातला मला सगळ्यात जास्त आनंद देणारा क्षण हाच, होमरनपेक्षाही.

उंच बॉलला हाक ठरवून ठेवा. आमच्या मुली घरी तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी काहीही बोलोत, मैदानात हाक एकच: "माझा! माझा!" दोघींनी हाक दिली तर बाहेरून पुढं येणारीचा हक्क पहिला, कारण मागं पळत झेल घेण्यापेक्षा पुढं येत घेणं सोपं. दुसरीनं तिथल्या तिथं थांबायचं नाही, तिच्या मागं जायचं.

बॅटिंगमध्ये सॅक्रिफाइस बंट लवकर शिकवा. स्वतः आऊट होऊन मैत्रिणीला पुढच्या बेसवर न्यायचं, आणि सरासरी काढताना तो बॅटिंगचा प्रयत्न धरत नाहीत. हा बंट करून परत येणाऱ्या मुलीला बेंचवरच्या सगळ्यांनी उठून टाळी द्यायची, असा आमचा नियम आहे. राखीव मुलींनाही खेळवा. सुरुवातीच्या खेळाडूला बाहेर काढलं तरी ती एकदा आपल्याच बॅटिंगच्या क्रमांकावर परत येऊ शकते, मग हात आखडता कशाला?

वाईट इनिंग येणारच. पिचरचे बॉल बाहेर जायला लागतात, सगळ्या बेसवर पळणाऱ्या उभ्या राहतात आणि एकीला चौथा बॉल बाहेर गेला की समोरच्यांना फुकटचा रन मिळतो. अशा वेळी पिचरला बाहेरून ओरडून सूचना देऊ नका. अंपायरकडून वेळ घेऊन कॅचरला तिच्याकडं पाठवा आणि तिनं एकच गोष्ट सांगायची, "ग्लोव्हकडं बघून टाक, बाकी आम्ही बघतो की." आमच्या मुली असंच बोलतात आणि ते माझ्या बोलण्यापेक्षा जास्त लागू पडतं.

शालेय स्पर्धा बाद पद्धतीनं असतात, एक सामना हरलात की वर्ष संपलं. "मॅडम, माझ्यामुळं हरलो" म्हणत कुणीतरी रडतेच. रडू द्या, पाणी द्या, पण त्या दिवशी चुकांची उजळणी करू नका. समोरच्या संघाशी आणि अंपायरशी हात मिळवायचे, सामान मोजून पेटीत भरायचं, एकत्र घरी जायचं. दोन-तीन दिवसांनी वही काढा आणि तो थ्रो चुकला तेव्हा मागं कोण होतं एवढंच विचारा. उत्तर मुलीच देतात आणि पुढच्या सरावाचा पहिला तास त्यातूनच ठरतो.

दहावीची परीक्षा संपली की जाणाऱ्या मुलींना एक आठवडा मैदानावर बोलवा. प्रत्येकीनं आपली जागा सातवी-आठवीतल्या एका मुलीला शिकवायची: कुठं उभं राहायचं, बंटला कुठं पळायचं, कुणाच्या मागं जायचं. ग्लोव्ह शाळेचे असतात, तेही याच वेळी हातात द्या. नवा ग्लोव्ह कडक असेल तर मधोमध बॉल ठेवून, जुन्या ओढणीच्या पट्टीनं घट्ट बांधून रात्रभर ठेवायचा, हेही त्याच सांगतील.